दर जुलैला टेरेनचे बोर्ड वाकतात : आधी बशी की कासव ते बघा, वजनं नंतर ठेवा

टेरेनचा बोर्ड म्हणजे छोट्या शिपायांच्या लढाया खेळायला टेबलावर मांडायचा मैदानाचा तुकडा. मे महिन्यात टेबलावर चापून बसलेला हा बोर्ड जुलैत चारही कोपरे वर उचलतो. दोन बोर्डांच्या सांध्यावर नदी अर्धा सेंटिमीटर उडी मारते, उतारावरचे शिपाई आडवे होतात, फासे आपोआप मध्याकडे घरंगळतात. मग आपण बोर्ड पालथा घालतो आणि त्यावर जुने दिवाळी अंक, कुकर, डंबेल्स असं हाताला लागेल ते वजन ठेवतो. दोन दिवसांनी काढावं तर सपाट. चौथ्या दिवशी पुन्हा बशी.

हे चक्र मी तीन पावसाळे फिरवलं. टेबल होतं असईच्या लढाईचं. २३ सप्टेंबर १८०३ ला सध्याच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेवर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली चालून गेला, ती लढाई. खेळायला ही लढाई फार गोड आहे, कारण सगळी भानगड दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात होते. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई. वाटाड्यांनी नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा, नाही असं सांगितलं होतं, पण वेलस्लीने नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं की मधून येण्याजाण्याची वाट असणारच. निघालीही. तेव्हा या टेबलावर नदी सलग दिसणं ही नुसती हौस नाही, उतार नेमका कुठे आहे यावर अख्खा डाव ठरतो. माझ्याकडे ६० बाय ६० सेंटिमीटरचे सहा बोर्ड आहेत, ६ मिलिमीटर एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळीचे. सगळे जोडले की १८० बाय १२० चं मैदान. आणि प्रत्येक जुलैत केळणा दोन ठिकाणी तुटायची. "अरे, नदीला धबधबा कधी केलास?" हा विनोद मी त्या तीन वर्षांत किती वेळा ऐकला ते सांगत नाही.

पहिल्या वर्षी दोष एमडीएफला दिला. दुसऱ्या वर्षी दोन बोर्ड प्लायचे केले, तेही 'वॉटरप्रूफ' मागून घेतलेल्या प्लायचे. तेसुद्धा वाकले. तिसऱ्या वर्षी ज्याच्याकडून माल घेतला त्याच्याशी हुज्जत घालून झाली. त्याचा काही दोष नव्हता, हे पुढे कळलं. दोष माझ्या हाताचा होता, आणि तो दाखवून दिला अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडर काकांनी. मी गेलो होतो जुनी पुस्तकं बांधायला द्यायला. काका पुठ्ठ्यावर कापड चढवत होते. कापड चढवलेला पुठ्ठा सुकताना कापडाच्या बाजूला वळला होता आणि आता ते आतल्या अंगाला कागद डकवत होते. मी सहज विचारलं, आतून कागद दिसण्यासाठीच का? तर म्हणाले, "अहो, दिसायला नंतर. बाहेरून कापड ओढतंय ना, मग आतूनही कोणीतरी ओढायला नको? एका अंगानं ओढलंत तर वाकणारच की."

घरी येऊन बोर्ड पालथा केला. वरच्या अंगाला फेविकॉल, वाळू, लांबी (पुट्टी), तीन हात रंग, भुशाचं गवत आणि व्हार्निश. खालचं अंग दुकानातून आणलं तसं, कोरं.

बशी, कासव, पन्हळ, पीळ

दुरुस्तीला हात घालण्याआधी बाक कुठल्या जातीचा आहे ते ओळखा, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला उलटा पडतो. स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा किंवा कडाप्प्याचा असेल तर घरात त्याच्याइतकी सपाट जागा दुसरी नाही. बोर्ड त्यावर ठेवा, मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी कर्णावर उभी धरा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारा. उजेड कुठून येतो ते बघायचं.

मध्याखालून उजेड आला आणि कडा पट्टीला टेकल्या तर बशी : कोपरे वर, पोट खाली. पट्टी मध्यावर टेकून दोन्ही टोकांना डुलली तर कासव. बाक एकाच दिशेने असेल, म्हणजे उभी पट्टी नीट बसते पण आडवी बसत नाही, तर पन्हळ. हा प्रकार प्लायमध्ये आणि सलग फळीत जास्त दिसतो. एमडीएफला रेषाच नाहीत, म्हणून तो सगळीकडून सारखा वळतो आणि बशी किंवा कासव होतो. तीन कोपरे ओट्याला टेकलेत आणि चौथाच हवेत आहे, दाबला की समोरचा उचलतो, तर तो पीळ. पिळावर मी वेळ घालवत नाही. असा बोर्ड कापून त्याच्या टेकड्या करतो, तुम्हीही करा.

दुसरी परीक्षा वेळेची. फेविकॉल लावल्यावर तासाभरात कासव झालं आणि दोन-तीन दिवसांत सुकता सुकता बशी झाली, तर पाणी तुम्ही स्वतः पाजलंत. बोर्ड महिनोन्महिने नीट होता आणि पावसाळा लागल्यावर बशी झाला, तर पाणी हवेतून आलं आणि तेही खालच्या कोऱ्या अंगातून शिरलं. ऐन एप्रिल-मेमध्ये कासव होत असेल तर त्याच रोगाचं उलटं रूप : पावसाळ्यात केलेला बोर्ड आता खालून सुकून आक्रसतोय.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात अंदाजाला जागाच नाही. बोर्ड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. माझा एक कोरा, काहीही न लावलेला ६ मिलिमीटरचा बोर्ड मेअखेर १६४० ग्रॅम भरला, जुलैच्या शेवटी १७१० ग्रॅम. ७० ग्रॅम पाणी, कोणी एक थेंब न शिंपडता. बोर्डच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहून ठेवायची सवय लावून घ्या. दुरुस्तीचा दिवस निवडायला ही नोंद फार उपयोगी पडते.

एवढासा फरक आणि एवढा मोठा बाक

लाकूड हवेशी देवाणघेवाण करत राहतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी टिकतं, ८५ टक्के आर्द्रतेत ते १८ टक्क्यांच्या आसपास जातं. एमडीएफचे आकडे याहून कमी, पण चाल तीच. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता विशी-तिशीत असते आणि जुलैत ऐंशीच्या वर. म्हणजे आपले बोर्ड दरवर्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत झोके घेतात. मुंबईतला माझा मित्र म्हणायचा, तुमच्याकडे कोरडी हवा, तुम्हाला कसला त्रास? प्रत्यक्षात त्याचे बोर्ड माझ्यापेक्षा कमी वाकतात. त्याची हवा वाईट असली तरी वर्षभर बरीचशी एकसारखी वाईट आहे. त्याला बुरशीचा ताप जास्त. कॅनडात गेलेल्या एका दोस्ताची बोंब तर जानेवारीत असते, कारण तिथे हिवाळ्यात घरातलं हीटिंग हवा शुष्क करून टाकतं. बोर्ड वाकतो तो ओलीमुळे नव्हे, ओल बदलल्यामुळे, आणि तीही दोन अंगांना कमी-जास्त बदलल्यामुळे.

किती फरक पुरतो? हिशेब सोपा आहे. दोन अंगांच्या लांबीतला फरक गुणिले बोर्डची लांबी, भागिले जाडीची आठपट. खालचं अंग वरच्यापेक्षा हजारात एक भाग लांबलं असं धरा, म्हणजे ६०० मिलिमीटरला ०.६ मिलिमीटर. नखाच्या कडेएवढं. जाडी ६ मिलिमीटर. ०.६ गुणिले ६०० म्हणजे ३६०, भागिले ४८ : उत्तर ७.५ मिलिमीटर. कडा मध्यापेक्षा पाऊण सेंटिमीटर वर! २८ मिलिमीटरच्या शिपायाच्या तो गुडघ्यापर्यंत येतो.

याच हिशेबात उपायही दडलेत. जाडी दुप्पट करून १२ मिलिमीटर घेतली तर बाक निम्मा, पण सहा बोर्ड उचलताना कंबर धरते. जाडी तीच ठेवून बोर्ड ३० बाय ३० चे केले तर फरक निम्मा आणि लांबीही निम्मी, म्हणजे बाक चौथाई, जेमतेम दोन मिलिमीटर. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी म्हणूनच सांगतो की साठचे बोर्ड करण्यापूर्वी दोनदा विचार करा. सांधे वाढतील, पण निदान जुळतील.

आता 'वॉटरप्रूफ' प्लायची गोष्ट. प्लायवर आयएस ३०३ किंवा आयएस ७१० असा शिक्का असतो. ७१० म्हणजे मरीन प्लाय, त्यातला गोंद उकळत्या पाण्यातही सुटत नाही. गोंद! थर एकमेकांपासून सुटणार नाहीत एवढीच ती हमी. थरातलं लाकूड पाणी प्यायचं सोडत नाही. मी महाग प्लाय घेऊन एका अंगाला रंग दिला आणि तो वाकल्यावर दुकानदाराला बोल लावला. प्लाय घ्यायचाच असेल तर शिक्क्याआधी कडेला थर मोजा. ६ मिलिमीटरमध्ये पाच थर असलेला तुकडा तीन थरवाल्यापेक्षा शहाणा असतो.

फेविकॉलमधलं पाणी

हवेतल्या पाण्याचं झालं. त्याहून मोठा घोट आपण स्वतः पाजतो. वाळू चिकटवायची नेहमीची रीत म्हणजे फेविकॉल अर्धा आणि पाणी अर्धं, ब्रशने बोर्डभर फासायचं, वर चाळलेली वाळू, आणि सुकल्यावर तेच पातळ मिश्रण पुन्हा वरून सोडायचं. मी एकदा मोजलं : एका बोर्डला पाऊण वाटी पाणी जात होतं, सगळं एकाच अंगाला.

ते पाणी शिरताच वरचं अंग फुगतं आणि बोर्ड कासव होतो. आपण घाबरून वजनं ठेवतो. फुगलेल्या तंतूंना पसरायला जागा मिळत नाही, ते एकमेकांत चेपले जातात. पाणी उडून गेलं की चेपलेले तंतू मूळ मापावर न येता त्याहून आखूड होतात, वर फेविकॉलचा पापुद्रा आणि लांबी सुकताना आणखी ओढतात. झाली बशी. म्हणजे चुकीच्या वेळी ठेवलेलं वजनच पुढच्या बाकाचं कारण ठरतं. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याने माझं काम बिघडवलं ते असं.

उपाय म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचूच न देणं. कुठलंही पाण्याचं काम सुरू करण्याआधी बोर्डच्या दोन्ही अंगांना आणि चारही कडांना सँडिंग सीलरचे दोन हात द्या. पुण्यात बोहरी आळीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, थिनरवर चालतो. खिडक्या उघड्या ठेवायच्या, देवघरात निरंजन तेवत असेल तर गॅलरीत जायचं, आणि थर्मोकोलच्या टेकड्या आधीच चिकटवल्या असतील तर सीलर त्यांच्याजवळ न्यायचाही नाही, थिनर त्यांना खाऊन टाकतो. थिनरचा वास घरात चालत नसेल तर चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून तिचं पॉलिश मारा. पाण्याच्या वाफेला अडवण्यात लाख फार चांगली आहे, फक्त पावसाळी दिवशी लावली तर पांढुरकी पडते.

एमडीएफच्या कडांकडे विशेष लक्ष. पृष्ठभाग दाबून घट्ट केलेला असतो, पण कापलेल्या कडेला आतला भुसभुशीत गाभा उघडा पडतो आणि तो टीपकागदासारखा पितो. कडेला तिसरा हातही द्या. एकदा एमडीएफची कड फुगून पावासारखी झाली की ती परत बसत नाही, कितीही वाळवा. ती तासून किंवा कापूनच काढावी लागते.

सीलर वाळल्यावर वरच्या अंगावर १५० नंबरचा पॉलिश पेपर हलकाच फिरवा, नाहीतर फेविकॉल गुळगुळीत अंगाला धरत नाही आणि सहा महिन्यांनी वाळूचे पोपडे निघतात. आणि फेविकॉल आता पाणी न घालता, जुन्या एटीएम कार्डने ओढून लावा. हात दुखतो खरा.

वाकलेला बोर्ड सरळ करताना

इथपर्यंत वाचलेल्यांपैकी बहुतेकांकडे बोर्ड आधीच वाकलेला असणार. रंगवून झालेला, गवत लावलेला, कदाचित वर घरंही चिकटवलेली. त्यामुळे वरच्या अंगाला हात लावता येत नाही असं धरून चालू. वाकण्याचा मामला बशीचा आहे असंही धरू, कारण दहातले आठ तोच असतो.

बशीत खालचं अंग लांब झालंय. त्याला आखूड करायचं. बाक तीन-चार मिलिमीटरपर्यंत असेल आणि तो पावसाळी असेल, म्हणजे मेमध्ये बोर्ड नीट होता, तर नुसतं वाळवणं पुरतं. उघडीप मिळाली की बोर्ड पालथा करून, दोन रिपांवर (लाकडी पट्ट्यांवर) टेकवून, खालचं अंग उन्हाकडे. गवत-झाडं चेपणार नाहीत एवढ्या उंच रिपा घ्या. वीस मिनिटांनी पट्टी लावून बघा, पुन्हा दहा मिनिटं. ऊन नसेल तर हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, एका जागी न थांबवता. सपाट झाला त्या क्षणी हात आखडायचा आणि बोर्ड थंड होताच खालच्या अंगाला सीलरचा पहिला हात मारायचा. ही घाई महत्त्वाची आहे. मी पहिल्यांदा सपाट झालेला बोर्ड कौतुकाने सगळ्यांना दाखवत बसलो, जेवलो, झोपलो. सकाळपर्यंत त्याने रात्रीची दमट हवा पिऊन पुन्हा बशी केली होती. त्यानंतर सीलरचा डबा आधी उघडतो, बोर्ड मग उन्हात नेतो.

चार ते आठ मिलिमीटरच्या बाकाला बाइंडर काकांचा इलाज. खाकी कागद घ्या, पुस्तकांना घालतो तो. बोर्डच्या पाठीवर सीलर वगैरे काही असेल तर पॉलिश पेपरने खरवडून काढा. कागदाला किंचित पाणी घातलेलं फेविकॉल लावून पाच मिनिटं तसाच ठेवा. या पाच मिनिटांत कागद पाणी पिऊन ताणतो, आणि नंतर सुकताना जेवढा ताणला तेवढा आक्रसणार, ती ओढ आपल्याला हवी आहे. मग बोर्डवर घालून मध्यापासून कडेकडे कापडाने दाबत हवा काढा. दुसरा कागद पहिल्यावर आडव्या दिशेने, कारण कागदालाही उभी-आडवी असते आणि तो आडव्या अंगाला जास्त ओढतो. वर प्लॅस्टिक, त्यावर फोमची जुनी गादी, त्यावर वजन, आणि चोवीस तास हलवायचं नाही. इथे मात्र वजन योग्य ठिकाणी आहे : ओल्या, लांब झालेल्या अंगाला पसरू न देता सुकवायचं, म्हणजे तेच आखूड होईल. जी चूक वरच्या अंगावर केली तीच खालच्या अंगावर मुद्दाम करायची.

एक सावधगिरी. वजन मध्येच काढून बघितलंत तर बशी आधीपेक्षा खोल दिसेल, कारण खालच्या अंगाला आत्ताच पाणी लागलंय. घाबरू नका आणि कागद ओरबाडून काढू नका. मी काढला होता. पुरता सुकायला पावसाळ्यात तीन दिवसही लागतात. सुकल्यावर किंचित कासवाकडे गेला तर उत्तम, थोडा मागे येतोच. मग कागदावर सीलरचे दोन हात.

आठच्या पुढे गेलेल्याला करवत. बोर्डच्या पाठीवर पाच-पाच सेंटिमीटरवर, अर्ध्या जाडीपर्यंतच, आडव्या चिरा पाडायच्या. एमडीएफ असेल तर उभ्याही. ६ मिलिमीटरमध्ये चीर ३ मिलिमीटर. करवतीच्या पात्याला चिकटपट्टी लावून खोलीची खूण करा. चिरांनी खालच्या अंगाचं बळ जातं, बोर्ड हाताने दाबला की चिरा मिटतात आणि तो सपाट होतो. त्याच अवस्थेत ओट्यावर दाबून चिरांत घट्ट फेविकॉल भरा, पाठीवर पाऊण इंची रिपांची चौकट आणि मधे एक आडवी रीप चिकटवा, शिकंजे लावा. रीप निवडताना ती स्वतः सरळ आहे का ते डोळ्यासमोर धरून बघा. भवानी पेठेतल्या लाकूड बाजारात ढिगातून वेचून घेऊ देतात, लाजायचं नाही. वाकडी रीप लावलीत तर बोर्ड आता कायमचा तिच्या मनासारखा वागेल.

कासवाला हेच सगळं उलट. खालचं अंग आखूड पडलंय, त्याला पाणी दाखवायचं. ओलं फडकं पाठीवर फिरवून पालथं ठेवायचं, दर अर्ध्या तासाने बघायचं, सपाट झाला की वारा लागू द्यायचा आणि सीलर. पण शक्यतो घाई करू नका. मेमध्ये कासव झालेला बोर्ड जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपसूक सरळ होतो. त्या दिवशी पकडून दोन्ही अंगं बंद करून टाका.

आणि मग ते सांभाळणं

पाठीला रंग द्या. नुसता सीलर नव्हे, वर जेवढे हात तेवढे खाली, उरलेला कुठलाही रंग चालेल. माझ्या बोर्डांच्या पाठी गुलाबी आहेत, घराच्या रंगकामातला तो डबा उरला होता. कुठलाच रंग वाफेला शंभर टक्के अडवत नाही, पण दोन्ही अंगांना सारखाच उशीर झाला की बोर्ड सगळा मिळून फुगतो आणि सगळा मिळून आक्रसतो. तेवढं चालतं.

ठेवताना भिंतीला तिरपा टेकवून ठेवू नका, पिळाचं माहेरघर ते. फरशीवरही नको. आडवे ठेवायचे तर दोन बोर्डांमध्ये सारख्या जाडीच्या तीन रिपा, म्हणजे दोन्ही अंगांना वारा. उभे ठेवायचे तर पुस्तकांसारखे दाटीने आणि अगदी ताठ. मी आता दिवाणात ठेवतो, मेमधल्या कोरड्या दुपारी जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. पावसाळ्यात डाव मांडला तर संध्याकाळी पुन्हा गुंडाळतो. आणखी एक : गवतासाठी वापरलेली चहाची पावडर खडखडीत वाळवलेली नसेल तर प्लॅस्टिकच्या आत तिला बुरशी येते. एका जुलैत असईच्या अख्ख्या पश्चिम बाजूवर बर्फ पडल्यासारखं झालं होतं.

घरांचे लेझरने कापलेले भाग असतील तर तीच हवा तिथे वेगळं सोंग घेते. एप्रिलमध्ये कापलेल्या खाचांत जुलैत जीभ बसत नाही, ३ मिलिमीटरचा लाकडी तक्ता किंचित फुगलेला असतो. हातोडी मारू नका, खाच फाटते. जीभ पकडीत धरून चेपा, लगेच फेविकॉल लावून बसवा. त्यातल्या पाण्याने ती आत फुगून घट्ट होते. जळकट काळी कड मात्र आधी पॉलिश पेपरने साफ करून घ्या, काजळीवर ना फेविकॉल धरतो ना रंग.

पावसाळ्यातली दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे मॅट व्हार्निशचा स्प्रे मारल्यावर सगळं पांढुरकं पडणं. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली ओल त्यावर बसते आणि थरात अडकते. काम वाया गेलेलं नसतं. कोरड्या दिवशी ब्रशने ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात मारा, धुकं बहुधा विरतं, मग परत मॅट. आणि बाहेर पाऊस पडत असताना स्प्रेचा डबा उचलूच नका.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सनबोर्ड वापर. बरोबर आहे त्यांचं. फोमच्या पीव्हीसीला हवेतल्या ओलीचं सोयरसुतक नसतं, पाट्या बनवणाऱ्याकडे हव्या त्या मापात कापून मिळतो, वजनालाही हलका. नवख्याने मैदान सनबोर्डचं आणि घरं लाकडाची करावीत हा माझाही सल्ला आहे. मला मात्र बोर्डवर शिपाई ठेवताना येणारा लाकडाचा ठक् असा आवाज हवा असतो, आणि त्या आवाजाचे पैसे मी दर पावसाळ्यात भरतो. लहानपणी दिवाळीत दगड-मातीचा किल्ला करायचो, पोतं पसरून वर चिखल, त्यावर मोहरी पेरायची. तो कधी वाकल्याचं आठवत नाही. चार दिवसांत मोडायचाच असायचा.

सध्याची स्थिती अशी. सहापैकी चार बोर्ड खाकी कागद आणि गुलाबी पाठीवर दोन पावसाळे सपाट आहेत. एक चिरा पाडून चौकटीवर बसवला, तो दगडासारखा झालाय. सहाव्याचा ईशान्येचा कोपरा अजूनही दीड मिलिमीटर वर असतो, ऑगस्टमध्ये दोन. तिथे जुईच्या काठाला मी एक बाभळीचं झुडूप लावलंय, जरा पसरट.